धानाभोवतीचे गोटे

मी एकतीस वर्षं प्रवासी बस चालवली आणि एवढ्या वर्षांत माझ्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नाही. एकदा एक बकरी आली होती, पण ती स्वतःहून येऊन गाडीला धडकली, उठली आणि आपल्या वाटेनं निघून गेली, म्हणून ती मी धरत नाही. विना-अपघात सेवेचा बिल्ला मला मिळाला आहे. तो देवघराच्या बाजूला खिळ्याला टांगलेला असतो. बायको रोज देवाला फूल वाहते, बिल्ल्याला वाहत नाही.

निवृत्त होऊन मी गोंदिया तालुक्यातल्या आमच्या गावी आलो. गाव कामठ्याकडून गोंदियाला जाणाऱ्या सडकेवर आहे. आल्यावर पहिल्याच महिन्यात माझ्या ध्यानात आलं की या गावात माणसं जिवंत आहेत ती निव्वळ देवाच्या मर्जीनं. एका मोटारसायकलवर चौघं बसतात, वरून एक जण पुढं धानाचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, घेतो. बायांचा पदर चाकाच्या वीतभर अंतरावर फडफडत असतो. घरात पाहावं तर प्लगला पिन नाही, दोन उघड्या तारा भोकांत कोंबून त्यांत माचिसच्या काड्या ठोसलेल्या. पाणी तापवायचा रॉड प्लास्टिकच्या बादलीत, आणि पाणी तापलं की नाही हे बोट बुडवून पाहायचं.

मग मी सुधारणेला लागलो. कोणी सांगितलं नव्हतं, पण मला दिसतं आणि दिसलं की बोलल्याशिवाय राहवत नाही. सकाळी फिरायला निघालो की मी माणसं थांबवायचो. "काऊन रे, हेल्मेट कोठं हाय?" "घरी हाय ना भाऊ." "मंग डोकं पण घरीच ठेवून येजो." असं बोलल्यावर पोट्टे हसायचे आणि पुढच्या वळणावरून मला टाळून जायचे. दोन-तीन महिन्यांत गावातली निम्मी वाहतूक मागच्या पांदणीनं जायला लागली. त्या रस्त्यावर तरी ती हळू जायची, म्हणून तेही मी यशच धरलं.

घरात मी गॅसची नळी बदलली, रेग्युलेटर रोज बंद करायचा नियम केला आणि स्वयंपाकघराच्या दारात वाळूची बादली ठेवली, आग लागली तर म्हणून. आग लागली नाही. मांजरीनं मात्र ती बादली आपल्या सोयीसाठीच ठेवली आहे असं मानलं. आठ दिवसांनी बायकोनं ती उचलून बाहेर ठेवली आणि म्हणाली, "आग परवडली, हा वास नाही परवडत." मी वाद घातला नाही. तिच्याशी वाद घालणं हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे.

माझं ऐकणारं गावात एकच माणूस होतं, माझी पुतणी. धाकट्या भावाची मुलगी, मला मोठे बाबा म्हणते. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. आमच्या भागातली मुलं-मुली पहाटे सडकेवर पळतात, कारण पळायला दुसरी सपाट जागा नाही. धानाच्या बांध्यांत, म्हणजे शेतांत, चिखल असतो नाही तर धसकटं. पुतणी तीन वर्षांपासून पळत होती. मागच्या भरतीत तिचा लेखी पेपर चांगला गेला, पण आठशे मीटरच्या धावण्यात गुण कमी पडले आणि नाव यादीच्या खाली राहिलं. या खेपेला ती वाऱ्यासारखी पळत होती. शेजारच्या गल्लीतली एक मैत्रीण रविवारी तिच्यासोबत वेळ लावून पळायची, तिला पुतणी दर खेपेला मागं टाकायची.

भाऊ म्हणाला होता, "या खेपेले झालं तर झालं. नाही त मंग मी पोरगं पाहून राहिलो." भाऊ वाईट माणूस नाही. पण तो एकदा बोलला की बोलला. पुतणीनं त्याच्याशी भांडण केलं नाही, फक्त पहाटे अर्धा तास आधी उठायला लागली.

तिला पळायचं कसं हे मीच शिकवलं. म्हणजे पळायचं ती स्वतः शिकली होती, सडकेवर जिवंत कसं राहायचं ते मी शिकवलं. "बेटा, चालणाऱ्यानं आन पळणाऱ्यानं सडकेच्या उजव्या बाजूनं जायचं. समोरून येणारी गाडी आपल्याले दिसली पायजे. मागून येणारी गाडी म्हणजे यम, दिसत नाही." तिनं ते लगेच मानलं. अंगावर चमकणारी पट्टीही घालायला लागली. गावातल्या बाकीच्या पळणाऱ्यांना मी तेच सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि ते सडकेच्या मधोमध पळत राहिले. म्हणून पुतणीवर माझा फार जीव होता. माझ्या बोलण्याचं कोणी काही केलं असेल तर ते तिनं.

आता धानाचं सांगतो. धान कापून, चुरून म्हणजे मळून झालं की ते वाळवावं लागतं. ओलं धान खरेदी केंद्रावर घेत नाहीत, यंत्र लावतात आणि परत पाठवतात. पूर्वी प्रत्येकाचं शेणानं सारवलेलं खळं असायचं. आता खळ्यांच्या जागी घरं झाली आणि घरांपुढं डांबरी सडक आली. सडक सपाट, काळी आणि ऊन धरणारी. सरकारनं ती कशासाठी केली ते सरकारला ठाऊक, आमच्या गावानं ती धान वाळवायला केली असं धरलं. दिवाळी संपली की अर्ध्या सडकेवर धान पसरलेलं आणि त्याच्या चारी बाजूंनी गोट्यांची रांग, गाड्या धानावरून जाऊ नयेत म्हणून. ज्याच्या घरापुढं जेवढी सडक, तेवढी त्याची. गल्लीत राहणाऱ्यांनी गावाबाहेरची घ्यायची. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण सातबाऱ्यापेक्षा पक्का आहे.

त्यातला मुख्य नियम असा की गोटे उचलायचे नाहीत. संध्याकाळी धान गोळा करून ताडपत्रीखाली ढीग करायचा, पण गोटे जागच्या जागी. गोटे उचलले की जागा सुटली. सकाळी उठून पाहावं तर तिथं दुसऱ्याचं धान पसरलेलं, आणि तो वरून म्हणणार, "गोटे नव्हते ना भाऊ, मले वाटलं तुमचं झालं." दोन घरांचं बोलणं यावरून बंद झालेलं मी पाहिलं आहे.

मी सुरक्षावाला माणूस. पहिल्या वर्षी मी जाहीर केलं की आपलं धान सडकेवर पडणार नाही. बायकोनं शांतपणे विचारलं, "मंग कोठं वाळवू? तुमच्या डोक्यावर?" दोन दिवस आम्ही धान अंगणात पसरलं. अंगणावर आंब्याची सावली. तिसऱ्या दिवशी धानाला वास यायला लागला आणि चौथ्या दिवशी मी स्वतः घमेलं घेऊन सडकेवर होतो.

पण मी मार्ग काढला. खिडक्यांना लावून उरलेला पांढरा ऑइलपेंट होता, तो मी गोट्यांना लावला. सगळ्या गावाचे गोटे काळे, आमचे पांढरे. गाडीवाल्याला लांबून दिसले पाहिजेत. लोक पाहून हसले, पण मी मनातून फार खूश होतो. कोणी आलं की मी त्याला गोटे दाखवायचो. पाहुण्यांना घर दाखवतात तसे.

त्या वर्षी डिसेंबरात एका संध्याकाळी आमचं धान पूर्ण वाळलं. आम्ही ते कट्ट्यांत भरलं आणि आत नेलं. ढीग नाही, ताडपत्री नाही. पण शेवटच्या बांधीचं थोडं धान अजून चुरायचं होतं, दोन दिवसांत ते आलं असतं. गोटे उचलावेत की नाही, असं माझ्या मनात एकदा आलं. मी घरासमोर उभा राहून सडकेकडे पाहिलं. मग म्हटलं, राहू दे, जागा जाईल. एवढाच विचार मी केला आणि जेवायला गेलो.

सकाळी धुकं होतं. मी टॉर्च घेऊन नेहमीसारखा फिरायला निघालो, तर फाटकापासून वीस पावलांवर पुतणी सडकेच्या कडेला बसलेली. एक बूट काढून बाजूला ठेवलेला, दोन्ही हातांनी घोटा धरलेला. रडत नव्हती. नुसती घोट्याकडे पाहत होती.

"काय झालं वं?"

"खड्ड्यात पाय गेला मोठे बाबा."

मी टॉर्च फिरवला. खड्डा नव्हता. आमच्या घरापुढची सडक दोन वर्षांपूर्वीच झालेली, तिच्यात खड्डा करायचा तर कुदळ लागेल. पण रांगेतला एक गोटा जागेवरून सरकून आडवा पडला होता. त्याच्या एका अंगाला पांढरा रंग आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही. डबा अर्धाच उरला होता, म्हणून मी प्रत्येक गोटा एकाच अंगानं रंगवला होता. आमच्या बाजूच्या अर्ध्या सडकेवर गाड्या कामठ्याकडून येतात, म्हणून कामठ्याकडचं अंग. ड्रायव्हरचं डोकं माझं. पुतणी गोंदियाकडच्या टोकावरून, भावाच्या घरून, उजव्या बाजूनं पळत आली होती. तिच्याकडून सगळे गोटे काळेच होते. रोज तिथं ताडपत्रीनं झाकलेला मोठा ढीग दिसायचा, ती वळसा घालायची. त्या दिवशी ढीग नव्हता.

मी तिला उठवून फाटकाच्या ओट्यावर बसवलं. बायकोला हाक मारली. बायको येईपर्यंत मी मागं गेलो आणि तो गोटा पायानं ढकलत ढकलत नालीत टाकला. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही, ती वाचेल तेव्हा वाचेल. का टाकला ते विचारलं तर खरं सांगतो, मला त्या क्षणी पोरीच्या पायापेक्षा आपल्या बिल्ल्याची जास्त काळजी वाटली. लाज वाटते लिहायला, पण असंच झालं.

गोंदियाला नेलं. डॉक्टरनं फोटो काढला आणि म्हणाला, हाड चिरलं आहे, तीन आठवडे प्लास्टर. पुतणीनं विचारलं, "पंधरा दिवसांत नाही निघणार का?" डॉक्टर म्हणाला, "काऊन, पंधरा दिवसांनी लग्न हाय का?" ती म्हणाली, "पोलीस भरतीचं ग्राउंड हाय, पळाचं हाय." डॉक्टर मग हसला नाही.

भाऊ त्या दिवशी जेवला नाही. संध्याकाळी माझ्याकडे आला तो थेट खड्ड्याचंच बोलायला लागला. "सडक नवीन आन त्यात खड्डा? पोरीची तीन वर्षं गेली. मी अर्ज देऊन राहिलो ग्रामपंचायतीत. तुझं अक्षर चांगलं हाय, तू लिही."

मी लिहिलं. फुलस्केप कागदावर, समास सोडून. 'उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, सदर रस्त्यावरील खड्ड्यामुळे माझ्या मुलीस गंभीर दुखापत झाली आहे.' भावानं सही केली. साक्षीदार म्हणून मी सही केली. आयुष्यात एवढं सुबक अक्षर माझं कधी आलं नव्हतं.

ग्रामपंचायतीनं दखल घेतली. कधी नव्हे ते तिसऱ्याच दिवशी एक माणूस घमेलं आणि डांबर-गिट्टी घेऊन आला. तो आमच्या घरापुढं तासभर खड्डा शोधत फिरला. मला विचारलं, "भाऊ, नेमका कोठं हाय?" मी म्हणालो, "इथंच कोठंतरी असेल." शेवटी आणलेला माल परत न्यायचा नाही म्हणून त्यानं सपाट सडकेवर एक उंचवटा करून ठेवला. तो अजून आहे. सायकलवाले तिथं उसळतात आणि मला शिव्या देत नाहीत, कारण त्यांना ठाऊक नाही.

त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यातले एक साहेब शाळेच्या व्हरांड्यात सुरक्षेचा कार्यक्रम घ्यायला आले. गावातल्या अपघाताचं त्यांच्या कानावर गेलं होतं. सरपंचबाईंनी मार्गदर्शक म्हणून माझं नाव सुचवलं. दुसरं कोणाचं सुचवणार? मी नाही म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. इस्त्रीचा शर्ट घातला, बिल्ला लावला आणि तीस-चाळीस माणसांपुढं हेल्मेट, पदर, रॉडची बादली, रेग्युलेटर, सगळं बोललो. धानाच्या गोट्यांवर आलो तेव्हा एवढंच म्हणालो, "धान सडकेवर वाळवू नये. वाळवलंच तर गोटे उचलावेत." लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कोणी काही मनावर घेतलं नाही. मग मला शाल आणि नारळ दिला. टाळ्या वाजल्या. पुतणी समोर खुर्चीवर बसली होती, प्लास्टरचा पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून. ती पण टाळ्या वाजवत होती.

त्यानंतर मला झोप लागेना. बायको म्हणाली, ॲसिडिटी असेल. मी गोळी घेतली.

ग्राउंडच्या आदल्या दिवशी पुतणी माझ्याकडे आली, काठीवर टेकत. "मोठे बाबा, उद्या मले गोंदियाले नेता का? मैत्रिणीचं ग्राउंड हाय. तिले पाहाचं हाय."

"कायले जातेस? त्रास होईल."

"होऊ द्या."

भाऊ आला नाही. तो म्हणाला, मला ते पाहवणार नाही. मी ऑटो केला. पोरगी पाय आडवा ठेवून बसली, मी ड्रायव्हरच्या बाजूला बसलो आणि त्याला वाटेत एकदाही हळू चालव असं म्हणालो नाही. म्हणायचा अधिकारच वाटेना.

ग्राउंडच्या बाहेर तारेच्या जाळीला लागून आई-बाप उभे होते. डबे, पाण्याच्या बाटल्या, देवाचा अंगारा, जे ते घेऊन आलेलं. आत मुलींच्या तुकड्या उभ्या होत्या, छातीवर नंबर लावलेले. पुतणी जाळीला धरून उभी राहिली. खुर्ची मिळत होती, बसली नाही. मैत्रिणीची तुकडी आली, शिट्टी झाली आणि मुली सुटल्या. पुतणीनं मोबाईलवर घड्याळ लावलं होतं. मैत्रीण पहिल्या फेरीत मधे होती, दुसऱ्या फेरीत पुढं सरकली आणि दुसरी आली. पुतणी ओरडत होती, "हात हलव, हात हलव!" मैत्रीण पोहोचल्यावर तिनं मोबाईल पाहिला.

"चांगला टाइम हाय तिचा," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझा याच्यापेक्षा चार सेकंद कमी येत होता."

मी तिथंच, लोकांच्या गर्दीत, म्हणालो, "बेटा, खड्डा नव्हता. माझा गोटा होता."

ती माझ्याकडे वळली नाही. "माहीत हाय ना. पांढरा रंग नाही दिसला, पण पायाले गोटा त लागला. तुमच्या घरापुढं दुसरा कोणाचा गोटा राहणार?"

"मंग खड्डा काऊन म्हटलं?"

"बाबा तुमच्याशी जन्मभर बोलले नसते. आन मले वाटलं, तुमी स्वतःच सांगाल. त्या दिवशी शाळेत पण वाटलं. तुमी उभे राहिले बोलाले, तवा मी म्हटलं, आता सांगतात."

मी जाळी धरली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, बाजूचा एक बाप माझ्याकडे पाहून म्हणाला, "टेन्शन नोको घेऊ भाऊ, तुमच्या पोरीचं होते." मी मान हलवली. भावाला आजच सांगतो असं मी पुतणीला म्हणालो, आणि त्या संध्याकाळी सांगितलं. त्याचं पुढं काय झालं ते आम्हा दोघा भावांचं आहे.

आत पुढची तुकडी उभी राहत होती. पुतणी त्या मुलींकडे पाहत होती. मग तिनं विचारलं, रागानं नाही, जसं लहानपणी गाडीबद्दल काही विचारायची तसं.

"पण मोठे बाबा, एकाच बाजूनं रंग काऊन लावला होता?"

"गाड्या तिकडूनच येतात म्हणून."

"आन मी?"

"तू माझ्या ध्यानातच नाही आली बेटा," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. आत शिट्टी झाली आणि मुली पळायला लागल्या.